नांगर की खोडवा? कमाई देणारी पण डळमळीत झालेली वेबसाइट कशी तपासायची

ऊस तुटून गेला की कागल-शिरोळकडचा शेतकरी रानात उभा राहून आधी तुटाळ, म्हणजे पिकातल्या मोकळ्या जागा, बघतो. फुटवा बऱ्यापैकी सलग असेल तर बुडखे छाटायचे, नांग्या भरायच्या (मोकळ्या जागी रोपं लावायची) आणि खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांवरचं पुढचं पीक, राखायचा. मोकळ्या जागा जास्त दिसल्या तर सरळ नांगर. साखरेचं जगात काय होणार, हा विषय त्या दिवशी निघत नाही.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या खोलीतून सरकारी योजना, नोकरभरती, कर्ज किंवा मोबाइलच्या वेबसाइट चालवणाऱ्यांचं मात्र उलटं होतं. ट्रॅफिक पडलं की चर्चा सुरू होते ती 'ब्लॉगिंग संपलं का' अशी. या प्रश्नाला उत्तर नाही आणि असलं तरी तुमच्या साइटला त्याचा उपयोग नाही. तुमच्या रानात तुटाळ किती आणि ती कुठल्या सरीत, एवढंच मोजायचं आहे. त्याला एक रविवार पुरतो.

काय मोडलंय ते आधी शोधा

सर्च कन्सोल उघडा, म्हणजे गुगलच्या निकालांत तुमची साइट कशी दिसते ते सांगणारं गुगलचं टूल. त्यात १६ महिन्यांचा डेटा राहतो, म्हणजे मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करता येते. गेले ३ महिने घ्या आणि समोर मागच्या वर्षीचे तेच ३ महिने लावा. लगेच आधीच्या तिमाहीशी तुलना करू नका. भरती आणि योजना या दोन्हींना हंगाम असतो. हप्ता जमा होण्याच्या आठवड्यात ट्रॅफिक चौपट, नंतर शुकशुकाट. अशा आलेखावर आधीची तिमाही लावली की हवं ते सिद्ध होतं.

फिल्टर तीन लावा. सर्च टाइप 'वेब', कारण डिस्कव्हरचा (शोध न करताच गुगल फोनवर दाखवतं त्या लेखांच्या यादीचा) रिपोर्ट वेगळा असतो आणि दोन्हींची बेरीज करून बघणारे हमखास फसतात. डिव्हाइस फक्त 'मोबाइल'. सप्टेंबर २०२५ मध्ये गुगलने एका पानावर शंभर निकाल मागवायची सोय बंद केली. त्या सोयीवर चालणाऱ्या रँक तपासणाऱ्या टूल्समुळे फुगलेली इम्प्रेशन्स (निकालांत पान किती वेळा दिसलं तो आकडा) डेस्कटॉपच्या आकड्यांतून एकदम गळाली आणि सरासरी पोझिशन (निकालांतला क्रमांक) सुधारल्यासारखी दिसायला लागली. सप्टेंबर २०२५ च्या अलीकडचे आणि पलीकडचे डेस्कटॉप आकडे एकत्र लावले तर निष्कर्ष चुकणार. तिसरा फिल्टर म्हणजे तुमच्या साइटचं नाव टाकून येणारे शोध वगळणं. इथे देवनागरी आणि रोमन दोन्ही लिहा. लोक 'लाडकी बहीण' मराठीतही टाइप करतात आणि रोमन अक्षरांत वेगवेगळ्या स्पेलिंगनेही. साइटच्या नावाचंही तेच होतं.

आता वरची ५० पानं शीटमध्ये काढा. प्रत्येकासमोर क्लिक, इम्प्रेशन, सीटीआर (दिसलेल्यांपैकी किती टक्क्यांनी क्लिक केलं) आणि पोझिशन, यंदाचं व गेल्या वर्षीचं. मग प्रत्येक पान खालीलपैकी कुठल्या प्रकारात बसतं ते लिहा.

पोझिशन तीच, इम्प्रेशन तेवढीच, फक्त सीटीआर पडला: उत्तर गुगलच्याच पानावर मिळतंय. एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या वर गुगल देतं तो तयार सारांश, भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्रजी आणि हिंदीत सुरू झालं. सर्च कन्सोलमध्ये त्याचे आकडे वेगळे दिसत नाहीत, ते 'वेब'मध्येच मिसळलेले असतात. त्यामुळे ही आकड्यांची ठेवण हाच तुमचा पुरावा. खात्रीसाठी वरचे दहा शोध इन्कॉग्निटोमध्ये फोनवर टाकून बघा आणि स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.

पोझिशनच घसरली: तुमच्यापेक्षा बरं कोणीतरी आलंय किंवा गुगलच्या एखाद्या अपडेटमध्ये साइटचं वजन कमी झालंय. हे काही वेळा भरून निघतं, पण महिन्यांत. आठवड्यांत नाही.

पोझिशन तीच, पण इम्प्रेशन्स आटली: लोकांनी विचारणंच कमी केलं. गुगल ट्रेंड्सवर महाराष्ट्र निवडून ५ वर्षांचा आलेख बघा. योजना जुनी झाली, भरती संपली, फोन बाजारातून गेला. यात तुमची चूक नाही आणि तुमच्या हातात उपायही नाही.

क्लिक तेवढेच, पैसे कमी: देणारा बदललाय. कमिशनचा दर खाली आला, जाहिरातदार गेले किंवा जाहिरातदारांच्या लेखी वाचक स्वस्त झाला. ही अडचण साइटची नाही, त्यामुळे सगळ्यात सोपी आहे. देणारा बदलता येतो.

शीटमध्ये एक रकाना अजून हवा आणि निम्मा निर्णय त्यावरच होतो: या पानाचं उत्तर किती लांबीचं आहे? 'हप्ता कधी जमा होणार', 'वयाची अट किती', 'शेवटची तारीख काय' ही एका ओळीची उत्तरं. अशी पानं संपली असं समजा. ती पुन्हा उभी करायला एक रुपयाही घालू नका. 'ई-केवायसी करताना ओटीपी येत नाही', 'आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळत नाही', 'अर्ज परत आलाय, आता काय' ही करायच्या कामाची पानं. इथे माणूस फोन हातात धरून एकेक पायरी चढत असतो. त्याला स्क्रीनवर कुठलं बटण आहे ते बघायचं असतं आणि ते दोन ओळींच्या सारांशात मावत नाही. ५० पैकी अशी किती आणि कमाईतला त्यांचा वाटा किती, ते काढा. गुगलच्या जाहिरातींचे पैसे जिथून येतात त्या अ‍ॅडसेन्समध्ये महत्त्वाच्या पानांना यूआरएल चॅनल (त्या पत्त्याची कमाई वेगळी दाखवणारी सोय) लावले असतील तर पानाप्रमाणे पैसे दिसतात. लावले नसतील तर आज लावा आणि महिनाभर थांबा.

आमचा ढोबळ ठोकताळा असा: कामाच्या पानांचा कमाईतला वाटा निम्म्याच्या वर असेल तर रान चांगलं आहे, पैसे घालायला हरकत नाही. पाचवा हिस्सा ते निम्मा असेल तर खोडवा, म्हणजे कमी खर्चात आहे ती साइट राखायची. त्याच्या खाली नांगर, म्हणजे साइट बंद. हा शास्त्राचा नियम नाही, पण हप्ते-तारखांच्या साइट चालवणाऱ्यांना शीट भरल्यावर बहुधा स्वतःलाच उत्तर दिसतं.

कायद्याने दार लावलं असेल तर मोजत बसू नका

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे खेळ तर बंद झालेच, पण त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रमी आणि फँटसीच्या लिंकवर चालणाऱ्या साइटना इथे खोडवा वगैरे काही नाही. लिंक काढायच्या, जुनी पानं काढायची, यूट्यूबच्या डिस्क्रिप्शनमधल्या आणि पिन केलेल्या कमेंटमधल्या लिंकही. या शेवटच्या दोन जागा सगळे विसरतात. शेअरच्या टिप्स देणाऱ्या चॅनलवाल्यांनीही सेबीची नोंदणी नसेल तर याच रांगेत उभं राहावं.

आता पैशाचं गणित

ट्रॅफिक ४० टक्के पडलं म्हणजे धंदा ४० टक्के पडला, असं धरून चालणं ही सर्वात महागडी चूक. एक उदाहरण मांडू. आकडे कल्पित आहेत, तुमचे घाला.

महिन्याची जमा ९०,००० रुपये. दोन लेखकांचे ३०,०००, होस्टिंग आणि टूल्सचे ८,०००, तुमचे स्वतःचे १०० तास. तासाचे २०० धरा, म्हणजे २०,०००. स्वतःचे तास न धरणारा माणूस तोट्यातली साइट तीन-तीन वर्षं ओढतो, म्हणून ते धराच. उरले ३२,०००.

जमा ४० टक्क्यांनी घसरून ५४,००० झाली. खर्च तोच ५८,०००. आता महिन्याला ४,००० तोटा. कागदावर साइट मेली.

पण हीच साइट खोडव्यावर लावा. लेखक एकच, तोही अपडेटपुरता, ८,०००. होस्टिंग खालच्या प्लॅनवर, टूल्स बंद, ३,०००. तुमचे २५ तास, ५,०००. नवं लिखाण थांबल्यामुळे जमा आणखी पडून ४०,०००वर आली असं धरा. तरी हातात २४,००० राहतात आणि तुमचे ७५ तास सुटतात. मोकळे झालेले हे ७५ तास महत्त्वाचे, कारण नवी लावण त्यांतूनच होणार.

पुढचा प्रश्न, खोडवा किती दिवस चालेल? घसरण महिन्याला ६ टक्के असेल तर ४०,०००चे बाराव्या महिन्यानंतर साधारण १९,००० होतात. खर्च १६,०००. म्हणजे वर्षअखेर हातात ३,०००. तुमच्याकडे नवीन काही उभं करायला वर्ष आहे, त्यातले पहिले सहा-सात महिने पोटाला लागतील एवढे पैसे येत राहतील. घसरण १० टक्के असेल तर हेच वर्ष सात महिन्यांवर येतं. दर काढताना एका महिन्याचा आकडा घेऊ नका, तीन महिन्यांची सरासरी घ्या.

आणि हे गणित झालं त्याच दिवशी एक ओळ लिहून ठेवा: 'सलग दोन तिमाही महिन्याला अमुक रुपयांच्या खाली उरले तर बंद.' आकडा आणि तारीख. ही ओळ नंतर लिहायची म्हटलं तर लिहिली जात नाही. मध्येच डिस्कव्हरमध्ये एखादं पान लागतं, तीन दिवस डॉलर वाढतात, आणि माणूस पुन्हा दोन लेखक ठेवून बसतो.

खोडवा राखायचा कसा

खोडव्याला मशागत आणि बेण्याचा खर्च वाचतो म्हणून तो परवडतो. तोच खर्च पुन्हा करायला लागलात तर त्याला खोडवा म्हणायला अर्थ नाही.

पहिलं काम छाटणी. ज्या पानांना १६ महिन्यांत क्लिक नाहीत आणि बाहेरून लिंकही नाहीत, ती बाजूला काढा. त्यांतलं जे एखाद्या चालत्या पानात मिसळता येतं ते मिसळा आणि जुन्या पत्त्यावरून ३०१ रीडायरेक्ट करा, म्हणजे वाचकाला कायमचं नव्या पत्त्यावर वळवा. बाकीच्यांना ४१०, म्हणजे 'पान कायमचं काढलंय' हा संकेत. सगळ्यांना होमपेजवर रीडायरेक्ट करणं ही आळशी पद्धत आहे, गुगल त्याला 'सॉफ्ट ४०४', म्हणजे नसलेलं पान, म्हणून सोडून देतं. एका दिवसात चारशे पानं उडवू नका. पन्नास-पन्नासच्या तुकड्या करा, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. काही बिघडलं तर कुठल्या तुकडीने बिघडलं ते कळायला हवं.

मग नांग्या. कामाच्या पानांपैकी वरची २० निवडा आणि महिन्याला पाच या गतीने हाताळा. एका पानाचं काम जवळून बघू. विषय 'पोलीस भरती मैदानी गुण'. बहुतेक साइटवर पुरुषांसाठीचा तोच तक्ता: १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर १५, गोळाफेक १५, एकूण ५०. हा तक्ता आता गुगलच सांगतं. याच्या पुढे काय आहे ते पानावर आणा. आपली वेळ टाकली की गुण सांगणारा छोटा कॅल्क्युलेटर. पुढच्या गुणासाठी किती सेकंद कमी करायचे ते. गेल्या भरतीत आपल्या जिल्ह्याचा मैदानी कटऑफ किती होता, मूळ पीडीएफच्या पानासह. मैदानावर जाताना कागदपत्रांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स किती लागतात. अशा पानाला एक पूर्ण दिवस लागतो. चार तासांत झालं तर समजा, जुनंच पुन्हा लिहिलंय.

कॅल्क्युलेटर बनवताना एक गडबड हमखास होते: वेळ मिनिट-सेकंदात घेण्याऐवजी दशांशात घेतली जाते. मुलगा ५.१० टाकतो, त्याच्या मनात ५ मिनिटं १० सेकंद असतात, कॅल्क्युलेटर ५ मिनिटं ६ सेकंद धरतो आणि गुण चुकतात. मिनिट आणि सेकंद असे दोन वेगळे चौकोन ठेवा.

खोडव्याच्या काळात तीन मोह होतात. पहिला, जमा पडली म्हणून जाहिरातींची संख्या वाढवणं. पान उघडताना मजकूर खाली-वर उड्या मारायला लागतो. हा हलण्याचा आकडा, सीएलएस, ०.१च्या आत हवा आणि मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसायला हवा. जाहिरातीच्या चौकटीला आधीच उंची ठरवून दिली तर उड्या थांबतात. दुसरा मोह, एआयकडून दिवसाला पन्नास लेख पाडून घेणं. मार्च २०२४ पासून गुगलच्या स्पॅम धोरणात घाऊक मजकुराचं कलम स्पष्ट आहे आणि कारवाई झाली तर पन्नास लेखांबरोबर चांगली २० पानंही जातात. तिसरा, तुमच्या साइटचा एक फोल्डर भाड्याने मागणारा ई-मेल. रक्कम बघून डोळे फिरतात. कूपन किंवा सट्ट्याची पानं तुमच्या नावावर रँक करायची असतात. त्यावरही मे २०२४ पासून कारवाई होते. नको म्हणा.

वर्षाच्या सुरुवातीला शीर्षकात फक्त साल बदलणं हा चौथा मोह म्हणता येईल, पण तो इतका रुळलाय की त्याला कोणी मोह समजत नाही.

वाचक आपल्या वहीत उतरवा

व्हॉट्सअ‍ॅप चॅनलवर चाळीस हजार फॉलोअर्स असले तरी तुम्हाला त्यांचा एकही नंबर दिसत नाही. चॅनल गेलं की वाचक गेले. ग्रुपमध्ये १,०२४ लोक मावतात, ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६, आणि ब्रॉडकास्ट त्यालाच पोचतो ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय. परक्या जागेवर किती विसंबायचं हे शहरातल्या दुकानदारांना मार्च २०२४ मध्ये कळलं. गुगलने बिझनेस प्रोफाइलबरोबर मिळणाऱ्या फुकट वेबसाइट तेव्हा बंद केल्या आणि ज्यांनी तो पत्ता कार्डावर, पिशवीवर छापला होता त्यांची छपाई वाया गेली.

म्हणून कामाच्या प्रत्येक पानाखाली एक साधा फॉर्म ठेवा: नाव, दहा आकडी मोबाइल, तालुका, कशाची माहिती हवी. चौकोनात आधीच टिक लावून ठेवू नका, संमती वाचकाने स्वतः द्यायची आणि माहिती कोणाला जाणार तेही तिथेच लिहायचं. 'ताजी माहिती मिळवा' एवढ्यावर कोणी नंबर देत नाही. 'तुमच्या जिल्ह्याची जाहिरात आली की त्याच दिवशी पीडीएफ' म्हटलं की देतात.

नवी लावण कुठे

वाचक आणि कसब यांतलं एक तरी जुनं ठेवा. दोन्ही एकदम बदलले तर शून्यापासून सुरुवात, आणि तुमच्याकडे वर्षच आहे.

वाचक तोच ठेवून देणारा बदलायचा असेल तर भरतीवाल्यांना रस्ता सरळ आहे. पैसे आजवर गुगल देत होतं, उद्या भरतीची तयारी करून घेणारी अकादमी देईल. कोल्हापुरात भरतीच्या अकादम्या कमी नाहीत. दर कसा काढायचा? समजा कोर्सची फी १५,०००. तुम्ही दिलेल्या १०० नंबरांतून ५ प्रवेश झाले, तर अकादमीकडे ७५,००० आले. त्यातला दहावा हिस्सा ती सोडू शकते, ७,५००. म्हणजे एका नंबरला ७५ रुपये. आधी ३० नंबर फुकट द्या, किती प्रवेश होतात ते दोघांनी मिळून बघा, मग दर ठरवा.

भांडणं ठरलेल्या जागी होतात. 'नंबर लागत नाही', 'हा मुलगा आमच्याकडे आधीच आला होता', 'याचं वय बसत नाही'. लीड, म्हणजे अकादमीला द्यायचा इच्छुकाचा नंबर, कशाला म्हणायचं ते एका कागदावर लिहून घ्या: ओटीपीने तपासलेला नंबर, वय अटीत, तालुका दिलेला, आणि तक्रार ४८ तासांत आली तर नंबर बदलून. एकच नंबर पाच अकादम्यांना विकू नका. मुलाला दिवसात पाच फोन आले की तो सहावा उचलत नाही, आणि तुमच्या साइटवर परतही येत नाही.

कसब तेच ठेवून वाचक बदलायचा तर शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, गुजरीतले सराफ, मार्केट यार्डातले गूळ व्यापारी, चप्पलवाले. इथे सल्ला एवढाच की एकदम उसळलेल्या मागणीवर लावण करू नका. जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमुळे कोल्हापुरी चपलेचा शोध एकदम वर गेला. अशा वेळी ट्रेंड्सवर उसळीच्या आधीचे बारा महिने आणि नंतरचे बारा महिने लावायचे, मधला उंचवटा झाकायचा. पायाची रेघ वर सरकली असेल तरच ती मागणी खरी. चपलेत साइज न बसल्याने परत येणारे जोड आणि कॅश ऑन डिलिव्हरीतले नाकारलेले पार्सल हा खर्च वेगळा, तो जाहिरातीच्या खर्चात मिसळला की नफा दिसतो तेवढा नसतो.

विकायची ठरली तर

घेणारा किमान १२ महिन्यांचे सर्च कन्सोल, अ‍ॅनालिटिक्स आणि बँकेत आलेल्या रकमा मागेल. बघण्यापुरता अ‍ॅक्सेस द्या, मालकीचा नको. घसरण लपवू नका, सर्च कन्सोलमध्ये ती त्याला पहिल्या मिनिटात दिसते. उलट खोडव्याचं शीट दाखवा, कुठली २० पानं अजून पैसे देतात ते. अ‍ॅडसेन्सचं खातं दुसऱ्याच्या नावावर होत नाही, घेणाऱ्याने स्वतःचं लावायचं. पैसे एस्क्रोत, म्हणजे तिऱ्हाइताकडच्या राखीव खात्यात, आल्याशिवाय डोमेन हलवायचं नाही.

डोमेन हलवण्याआधी एक काम राहतं. त्या डोमेनवरचा ई-मेल कुठे कुठे दिलाय ते तपासा: बँक, जीएसटी पोर्टल, होस्टिंग, गुगल खात्याचा रिकव्हरी पत्ता. सगळीकडे दुसरा पत्ता टाका, त्यावर कोड येतोय ना ते एकदा लॉगिन करून बघा, आणि मगच ट्रान्सफरचा कोड पाठवा. नाहीतर तुमच्या बँकेचे ई-मेल उद्या नव्या मालकाच्या इनबॉक्समध्ये पडतील.